तिरवळ हळदण्यात कसं गेलं

ईरा, अन्वय, तुमच्या बाबांनी ईराचा शाळेतला निबंध मला पाठवला. सरकारनं तुमच्या आजोबांचं गाव पुसून टाकलं, असं त्यात लिहिलं आहे. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, असंही बाबा फोनवर अभिमानानं म्हणाले. इंग्रजी छान आहे गं ईरा, एकही वाक्य सैल नाही. पण झालं ते तसं नाही, आणि तुला तसं वाटलं ते आमच्यामुळे, कारण आम्ही इकडे सगळे गेली दोन वर्षं तसंच सांगत आलो आहोत. मी तर काहीच सांगत नव्हते, पण गप्प राहणं म्हणजे त्यांच्यातच बसणं झालं. म्हणून आता सांगते. हल्ली माझा हात थरथरतो, तेव्हा मी बोलतेय आणि शेजारच्या ब्लॉकमधली रेवती टाइप करतेय. पुण्याची मुलगी आहे, शनिवारी चहाला येते. तिला म्हटलंय, मी जसं बोलते तसंच लिही, सजवू नकोस. बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. अडलं तर त्यांना थांबवा आणि विचारा.

माझा जन्म कोल्हापूरचा, वडील कचेरीत, शाळा नन्सची. सगळं वेळच्या वेळी आणि नीट, असं वळण. मी मुंबईत इंग्रजी शिकवत होते तेव्हा तुमच्या आजोबांचं स्थळ आलं. ते जहाजावरचे इंजिनिअर. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांना इथे सिंगापूरला, सेम्बावांगच्या गोदीत नोकरी लागली, आणि तेव्हापासून मी याच भागात आहे. आधी भाड्याचा फ्लॅट, मग हा स्वतःचा. तुमचे बाबा इथेच वाढले आणि मग कॅनडाला गेले. आजोबांचं गाव तिरवळ, कोकणात, अगदी खाली, गोव्याच्या बाजूला. मी तिथे सलग एका महिन्याच्या वर कधी राहिलेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी ज्या तोऱ्यात बोलले त्याला काही आधार होता असं तुम्हाला वाटायला नको.

तिरवळ म्हणजे केवढं, तर ताटात वाटी ठेवावी एवढं. चहूबाजूंनी हळदणे नावाचं मोठं गाव. बाजार त्यांचा, दवाखाना त्यांचा, एसटी त्यांच्याकडेच थांबते, आणि तिरवळमधून कुठेही जायचं तरी हळदण्यातूनच जावं लागतं. तरी आमची ग्रामपंचायत वेगळी. माझ्या चुलतसासऱ्यांनी ती वेगळी करून घेतली होती. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारी थांबायची यावरून भांडण झालं आणि ते म्हणाले, आम्ही तुमच्यात नाहीच. तेव्हापासून घरात हळदण्याच्या लोकांना भायले म्हणायचे, म्हणजे बाहेरचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला गंमत वाटली, म्हणजे वाटीतले लोक ताटाला बाहेरचं म्हणतात. पण दोन उन्हाळ्यांत मीही म्हणायला लागले. माणसाला असं काही फार लवकर येतं.

आता गावपळण सांगते, कारण तिच्यावरच सगळं आहे. तिरवळमध्ये काही वर्षांनी एकदा रवळनाथाच्या देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, उजवी पडली की देवाचा होकार. होकार आला की सगळं गाव घरं बंद करून शिवेबाहेर जातं, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात दिवा नको, धूर नको, आणि मुख्य म्हणजे माणसाचा आवाज नको. गाव तीन रात्री देवाचं. बाहेर माळावर झापांच्या, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, खोपी घालायच्या, एकत्र रांधायचं, गाणी, फुगड्या, मुलांची तर चंगळ. चौथ्या दिवशी शिवेवर परत कौल लावायचा आणि देव हो म्हणाला की घरी. तुमच्या बाबांनी लहानपणी एकदा केली आहे, त्यांना विचारा, त्यांच्या शर्टात बेडूक कोणी टाकला होता. तो माळ हळदण्याच्या हद्दीत. दुसरीकडे जागाच नाही.

तर दोन वर्षांपूर्वी सुमतीचा फोन आला. सुमती म्हणजे आजोबांच्या चुलत पुतण्याची बायको, मला काकी म्हणते, आणि तेव्हा तिरवळची सरपंच होती. सरपंच झाली कारण दुसरं कोणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, काकी, तालुक्याहून विचारणा आली आहे, पंचायत हळदण्यात विलीन करायची का म्हणून, आणि माझ्या मनात करावी असं आहे. नळयोजनेला माणसं कमी पडतात, ग्रामसेवक महिन्यातून एकदा तोंड दाखवतो, सात जण सदस्य व्हायला मिळत नाहीत, मेलेल्याला खांदा द्यायला पण हळदण्याहूनच माणसं येतात. माका आता ही पंचायत नको झाली हा, असं म्हणाली आणि हसली. मी म्हटलं, घाई करू नकोस, आम्ही इकडे जरा बोलतो.

आम्ही इकडे म्हणजे सिंगापुरातली तिरवळची पाच-सहा घरं. सगळी वसंतभाऊजींच्या कॉन्डोत जमली, बुकित तिमाहला. भाऊजी म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, बँकेत मोठे अधिकारी, ऑफिस हार्बरफ्रंटला. खाली फंक्शन रूम घेतली होती, तलावाच्या बाजूला, मुलं पोहत होती आणि आम्ही आत बसून गाव वाचवत होतो. काय बोलणी झाली म्हणून सांगू तुम्हाला. आपली ओळख, आपली परंपरा, आज पंचायत गेली की उद्या नाव जाईल. एकाची मुलगी म्हणाली, but nobody lives there lah, तर तिला सगळ्यांनी गप्प केलं. भाऊजी म्हणाले, वहिनी, ग्रामसभेत आपल्या बाजूनं तुम्ही बोला, तुमच्यासारखं मुद्देसूद कोणाला जमणार नाही. आणि मला ते आवडलं. आजोबा गेल्यापासून मला कोणी असं काही करायला सांगितलं नव्हतं.

खरं म्हणजे आमच्यातल्या कोणालाच ग्रामसभेत मत नाही. बहुतेक जण इथले नागरिक झाले तेव्हाच तिकडचं ते गेलं, आणि बाकीच्यांची नावं तिकडच्या यादीत नाहीत. पण सुमतीनं मान ठेवला. तिनं देवळाच्या मंडपात फोन एका तांब्याला टेकवून उभा केला आणि मी इथून, याच टेबलाशी बसून, बोलले. तयारी करून बोलले. शेवटी मी विचारलं की उद्या तिरवळ आणि हळदणे एकच गाव झालं तर गावपळणीला बाहेर म्हणजे कुठे जाणार, आपल्याच गावात? इकडे फोनवर जोडलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिकडे मंडपात एक म्हातारं माणूस खोकलं तेवढं ऐकू आलं.

मग सुमती म्हणाली, काकी, तुझा म्हणणा माका पटता. आता मार्गशीर्षात कौल झालो हा, गावपळण असा. तुमी सगळी येवा. घरटी एक माणूस तरी बाहेर पडूक व्हया. तसां झाला तर मी विलीनीकरणाचा नाव काढूचंय नाय. येतलंस मा?

मी म्हटलं, येणार, सगळे येणार. भाऊजी म्हणाले, तिकिटं बुक करतो. सगळ्या घरांनी हो म्हटलं, मी ऐकलं आहे.

डिसेंबर आला तसे एकेकाचे फोन यायला लागले. मुलांच्या सुट्ट्या, जपानचं आधीच ठरलेलं. एकाचा इथला नोकरीचा पास नूतनीकरणाला गेलेला, देश सोडायची भीती. भाऊजींच्या बँकेत वर्षअखेर. कोणी खोटं बोललं नाही, सगळी कारणं खरी होती. तुमच्या बाबांनाही मी विचारलं होतं, त्यांचंही कारण खरं होतं. मी एकटी गेले. विमानात मी मनात उत्तरं जुळवत होते, सुमतीला काय सांगायचं याची, आणि हळदण्याच्या स्टँडवर ती मला घ्यायला आली तेव्हा तिनं माझ्यामागे कोण उतरतंय ते पाहिलं, शेवटचा माणूस उतरेपर्यंत पाहिलं, आणि मग माझी बॅग उचलली. 

गावात चुली पेटतात अशी नऊ घरं. बाहेर पडायला माणसं पंधरा-वीस, बहुतेक साठीच्या पुढची. सुमतीच्या सासूबाई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, त्या तर पंच्याऐंशीच्या पुढे. निघायच्या दिवशी मी माझ्या सवयीनं घरोघर फिरून सगळं बंद आहे ना ते पाहत होते, गॅस, दिवे, मेन स्विच. भाऊजींचं घर तिथे बंदच असतं, पण त्यांनी त्याच्या पडवीत कॅमेरा बसवून घेतला आहे, माकडं आणि चोर यांच्यासाठी. मी फोन केला तर म्हणाले, वहिनी, तेवढा मेन चालू ठेवा, तीन दिवस गावात कोणी नाही, निदान त्याचं लक्ष राहील. मला ते बरोबर वाटलं. सुमती मागे उभी होती. तिनं त्या डोळ्याकडे बघून विचारलं, ह्यां काय गे काकी? ता बोलत नाय मा? मी म्हटलं, नाही गं, यंत्र आहे, नुसतं बघतं. मी हे इतक्या खात्रीनं सांगितलं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला सवय नाही.

दोन दिवस सुरेख गेले. खोपी हळदण्याच्या लोकांनी आधीच घालून ठेवल्या होत्या. झाप विणायला आपल्यात कोणी उरलेलं नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांचे सरपंच बाबल, पन्नाशीचे, टेम्पो चालवतात. ते सकाळ-संध्याकाळ पाण्याचे पिंप आणून देत होते. जाऊबाई खोपीच्या दाराशी बसून जुनी गाणी म्हणायच्या आणि मधेच विसरायच्या, मग हळदण्याच्या बायका ती पुरी करायच्या, कारण गाणी त्यांचीही तीच. समोर खाली तिरवळ दिसत होतं, इतकं शांत की नारळ पडला तरी वर ऐकू येई.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं होत आली होती. आणि त्या रिकाम्या गावातून आवाज आला. मोठा, खणखणीत, कर्ण्यातून यावा तसा. ए, कोण आहे रे तिकडे? नीघ, नीघ आधी तिथून. मग थोडं थांबून इंग्रजीत, I can see you.

काय सांगू तुम्हाला. हातातला घास हातात राहिला सगळ्यांच्या. गुरव उठून उभा राहिला. एक जण म्हणाला, तो कोणाचो आवाज? आणि मला पहिल्या शब्दाला कळलं होतं. दिराचा आवाज मी चाळीस वर्षं ओळखते. त्या कॅमेऱ्यातून बोलता येतं, त्याला कर्णा असतो. पडवीत माकड आलं असणार, भाऊजींच्या फोनवर घंटी वाजली असणार, आणि ते ऑफिसात बसल्या बसल्या नेहमी करतात तसं बटण दाबून ओरडले. गावपळण आजच आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. जी परंपरा राखायला त्यांच्या सांगण्यावरून मी भाषण केलं होतं, ती त्यांनी हार्बरफ्रंटहून मोडली, आणि मेन स्विच मी चालू ठेवला होता.

मी म्हटलं, वसंतभाऊजी आहेत. एवढंच म्हणता आलं.  कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यात जाऊबाई खोपीतून म्हणाल्या, इलो मा शेवटी, आवाजान तरी इलो, म्हणजे आवाजानं तरी आला. आणि सगळी हसली, गुरवसुद्धा हसला, पोट धरून हसले लोक. मी पण हसले, आणि हसता हसता मला वाटलं, आता इथून उठून कुठे जाऊ.

चौथ्या दिवशी कौल लावला. उजवी पडली नाही. पुन्हा लावला, नाही. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. देवाचं म्हणणं सगळ्यांना समजलं होतं, गाव रिकामं राहिलंच नव्हतं, तर परत पहिल्यापासून तीन रात्री. सुमती माझ्याकडे न बघता म्हणाली, परत सुरवात करूक व्हयी, आणि कंबर खोचून कामाला लागली. तांदूळ संपत आलेला, औषधं घरात राहिलेली आणि घरात जायचं नाही. थंडी वाढली होती. जाऊबाईंचा खोकला पहिल्याच रात्री बळावला. सकाळी बघते तर त्यांना उठून बसता येईना.

बाबल आले, त्यांनी जाऊबाईंच्या कपाळाला हात लावला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना टेम्पोत घालून माळावर घेऊन आले. दुपारपर्यंत हळदण्यातून पेज आली, गोधड्या आल्या, एका घरानं शेगडी दिली. ज्या घरांचं मी आयुष्यभर फक्त आडनाव ऐकलं होतं, तेही कुचेष्टेनं, त्या घरांतल्या बायका माझ्या जाऊबाईंचे पाय चोळत बसल्या होत्या. बाबल म्हणाले, आणखी तीन दिस ऱ्हवलात तर तुमची रेशनकार्डां हंयचीच करूची लागतली. परत सगळी हसली. मी भाऊजींना फोन केला, झालं ते सांगितलं. ते म्हणाले, अरेरे, सॉरी वहिनी, पण लोक अजून हे इतकं सीरियसली घेतात? मी फोन ठेवला. राग त्यांचा आला नाही. मला आठवलं की मंडपातल्या त्या सभेत मीही याच आवाजात बोलले होते, लांबून, मोठ्यानं, समोर कोण आहे ते न बघता.

तीन रात्री पार पडल्या. कौल उजवा पडला. जाऊबाईंना खुर्चीत बसवून खांद्यावरून घरी आणलं, चौघांपैकी तिघं हळदण्याचे. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती, मी तिकीट पुढे ढकललं आणि थांबले. भाऊजींचा सकाळीच फोन, वहिनी, बोलाल ना, तांत्रिक चूक झाली म्हणावं, तिचा आणि विलीनीकरणाचा काय संबंध. मी फोन बंद करून पिशवीत टाकला.

मत असलेले मंडपात बसले, मी बाहेर कट्ट्यावर, हळदण्याहून आलेल्या मंडळींबरोबर. सुमतीनं ठराव वाचला. घरटी एक माणूस आला नाही, हे ती म्हणाली नाही. कॅमेऱ्याचं तर नावही काढलं नाही, आणि काढेल म्हणून मी सारखी तिच्या तोंडाकडे बघत होते. वाचून झाल्यावर ती कट्ट्याकडे वळून म्हणाली, काकी, तू बोलतलंस काय?

मी उभी राहिले. सहा दिवस मी मनात माफीचे शब्द जुळवले होते, चांगले शब्द होते. आणि तोंडातून निघालं, तुमचं तुम्ही ठरवा, आमची हरकत नाही. म्हणजे तेव्हाही परवानगी दिल्यासारखंच बोलले. कोणी मागितली होती? सुमतीनं मान हलवली, बरां म्हणाली, आणि हात वर करायला सांगितले. सगळे वर गेले. मग चहा आला, हळदण्याच्या लोकांना आधी दिला, पाहुणे म्हणून. बाबल म्हणाले, आता कसले पाहुणे, आणि उठून कप वाटायला लागले. गावपळणीचं काय करायचं ते गुरवानं विचारलं तर त्यांनी हातानंच माळाकडे दाखवलं, तुमी येवा हो, जागा आमी साफ करून ठेवतंव. माझ्या त्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं.

तर सरकारनं गाव पुसलं नाही, ईरा. जे तिथे राहतात त्यांनी हात वर करून ठरवलं, आणि त्याआधी त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. इकडे आम्ही अजून दिवाळीला भाऊजींकडे जमतो. राजकारण झालं हो, असं कोणीतरी म्हणतं आणि सगळे मान हलवतात, आणि मी डिशमधली चकली संपवते. भाऊजी वाईट नाहीत, तुम्हाला वाढदिवसाला भेटी पाठवतात, त्यांच्याशी नीटच बोला. फक्त निबंधात काय बदलायचं ते तू ठरव. बाईंना सांगायला लाज वाटेल, वाटू दे, माझीही अजून गेलेली नाही.

आता काय आहे ते सांगते. तिरवळ ही हळदणे ग्रामपंचायतीतली एक वाडी आहे. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. सुमती सरपंच नाही, पण प्रभागातून निवडून आली आहे आणि बाबलशी भांडते. भाऊजींच्या पडवीतला कॅमेरा काढला आहे. नवव्या घरातले म्हातारे गेले, आता आठ घरं उघडी आहेत. जाऊबाई आहेत. बसता येत नाही, पण बोलतात, आणि रविवारी मी फोन केला की सुमती तो त्यांच्या कानाला लावते.